एसी सर्व्हिसच्या धंद्याची एसओपी : तक्रारवहीपासून टूलबॅगेपर्यंत

मार्च उजाडला की एसी सर्व्हिसवाल्याचा फोन थांबत नाही. दोन टीमच्या चार होतात, नवी मुलं कामावर येतात आणि तेच वेट सर्व्हिसचं, म्हणजे एसी पाण्याने धुऊन साफ करायचं, काम चार घरांत चार तऱ्हांनी होऊ लागतं. एक टीम धुऊन झाल्यावर ड्रेनमध्ये पाणी ओतून बघते, दुसरी बघत नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टीमच्या घरून फोन येतो : "पाणी गळतंय, गादी भिजली." मग एक फेरा फुकट, दोन माणसांचे दोन तास फुकट आणि त्या सोसायटीतली पुढची चार कामं दुसऱ्याकडे. एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली आणि लिहिलेली पद्धत, या फुकट फेऱ्यासाठी असते. ती कशी लिहायची ते इथे स्प्लिट एसीच्या कामावरून सांगितलं आहे. आरओ, गिझर, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर-बॅटरी अशा कुठल्याही घरपोच सर्व्हिसला हीच रीत लागू पडते, फक्त आकडे बदलतात.

सुरुवात तक्रारवहीतून

एसओपी लिहायला बसताना बहुतेक जण कोरा कागद घेतात आणि "आपलं काम काय काय" याची यादी करू लागतात. चाळीस मथळे होतात, पाच लिहून होतात आणि वही कपाटात जाते. त्यापेक्षा मागच्या तीन महिन्यांची कॉलची वही किंवा एक्सेल उघडा. एकाच पत्त्यावर ३० दिवसांच्या आत दुसऱ्यांदा जावं लागलं असे सगळे कॉल लाल पेनाने खुणा करून वेगळे काढा. प्रत्येकापुढे कारण लिहा. "कस्टमर कटकट्या" हे कारण धरायचं नाही. पाणी गळालं, आवाज आला, कूलिंग पुन्हा गेलं, एरर कोड आला, पार्ट चुकीचा नेला, घर बंद होतं, पैशावरून वाद झाला, असं लिहायचं.

ही यादी मोजली की पहिली पाच-सहा एसओपी आपोआप ठरतात. एसीच्या धंद्यात त्या बहुधा अशा निघतात : कॉल घेणं, वेट सर्व्हिस, पाणी गळती, कूलिंग कमी आणि गॅस, इन्स्टॉलेशन-शिफ्टिंग, बिल आणि जॉब कार्ड (त्या कामाच्या नोंदीचा कागद). सातवी या सहांच्या आधी लिहायची, ती म्हणजे उंचीवरचं काम आणि करंट. तिची तक्रार वहीत सापडत नाही, कारण तिथे चूक झाली तर तक्रार करायला माणूस उरत नाही.

पायरी कशी लिहायची

ज्याच्या कामावर पुन्हा कॉल सर्वांत कमी येतात त्या मेकॅनिकबरोबर दुसरा माणूस पाठवा. त्याने हातात वही धरून फक्त बघायचं आणि लिहायचं. मेकॅनिकला "कसं करतोस ते सांग" म्हटलं तर तो निम्मं सांगायचं विसरतो. हाताला सवय झालेली गोष्ट तोंडावर येत नाही. पॅनल काढताना तो स्क्रू एका डबीत टाकतो, मोटरच्या बाजूला आधी फडकं खोचतो, कॉइल धुताना पाण्याची धार तिरपी कधीच मारत नाही. हे बघणाऱ्यालाच दिसतं.

प्रत्येक पायरीत चार गोष्टी हव्यात : काय करायचं, किती करायचं, झालं हे कशावरून समजायचं आणि नाही झालं तर पुढे काय. "फ्लेअर नट नीट आवळा" ही पायरी नव्हे. "नीट" प्रत्येकाच्या मनगटाप्रमाणे बदलतं. सैल राहिला तर गॅस गळतो, जास्त आवळला तर तांब्याच्या नळीचं पसरवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, चिरतं आणि महिन्याभराने गळतं. कागदावर असं यायला हवं : टॉर्क पान्याने पाव इंची, म्हणजे दोन सुती, नट १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन सुती ३३ ते ४२, चार सुती ५० ते ६२, उलट्या बाजूला दुसरा पाना धरूनच आवळायचं, मग साबणाच्या पाण्याने बुडबुडा तपासायचा, बुडबुडा आला तर आणखी आवळायचं नाही, फ्लेअर कापून नवी काढायची. एसी बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरायचा.

एक काम, एक पान, दोन्ही बाजू मिळून. त्याहून मोठं झालं तर कामाचे दोन भाग करा. भाषा टीमच्या तोंडची ठेवा. "वायुवीजन पंखा" नको, "ब्लोअर" (आतल्या युनिटचा पंखा) हवा. बऱ्याच टीममध्ये उत्तर प्रदेश-बिहारकडची मुलं असतात, त्यांच्यासाठी तेच पान हिंदीतही छापा. जिथे फोटोने भागतं तिथे वाक्य लिहू नका. पीसीबीवर, म्हणजे एसीच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर, प्लास्टिक कसं गुंडाळायचं हे फोटोत एका नजरेत कळतं.

फोनवरच निम्मं काम

कॉल घेणाऱ्याच्या पुढ्यात छापील प्रश्नपत्रिका हवी. कंपनी कोणती, किती टन, स्प्लिट की विंडो, इन्व्हर्टर एसी आहे का, अंदाजे किती वर्षांचा, शेवटची सर्व्हिस कधी. तक्रार कधीपासून आणि नेमकी कधी येते, चालू केल्या केल्या की तासाभराने. दिवा लुकलुकतो का, डिस्प्लेवर कुठला कोड दिसतो. दिसत असेल तर फोटो मागवायचा. रिमोट कूल मोडवर आहे ना, २४ वर ठेवून दहा मिनिटं चालवून बघितलं का, एमसीबी पडलेली नाही ना. रिमोट चुकून फॅन किंवा ड्राय मोडवर गेलेला असतो आणि "कूलिंग नाही" म्हणून टीम शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन येते. हे फोनवरच मिटवा, ग्राहक वर्षभर लक्षात ठेवतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : आउटडोअर युनिट कुठे आहे? गच्चीवर, गॅलरीत, छज्ज्यावर की बाहेरच्या भिंतीच्या स्टँडवर, आणि कितव्या मजल्यावर? याचाही फोटो मागवा. सातव्या मजल्यावर भिंतीला टांगलेलं युनिट आहे हे दारात गेल्यावर कळलं तर एक तर फेरा वाया जातो किंवा पोरगं बेल्टशिवाय खिडकीबाहेर पाय टाकतं. दुसरीच गोष्ट जास्त वेळा घडते.

सोसायटीत कामाच्या वेळा, दुपारी ड्रिलिंगला बंदी आहे का, गेटवर नोंद काय लागते, पाणी आणि बादली मिळेल का हेही विचारून घ्या. व्हिजिट चार्ज किती आणि तो कधी लागतो हे याच फोनवर सांगायचं. वेळ देताना "दुपारपर्यंत येतील" नाही; दोन तासांचा स्लॉट सांगायचा आणि निघताना टीमने स्वतः फोन करायचा.

एक पान जवळून : वेट सर्व्हिस

दीड टन स्प्लिट, दोन माणसं, ९० मिनिटं. हे पान जसंच्या तसं उचलून आपल्या कामाप्रमाणे बदलून घेता येईल.

१. आत जाण्याआधी शू कव्हर. युनिटखालचं सामान ग्राहकाला विचारून हलवायचं, चादर टाकायची. भिंत, पॅनल, फॉल्स सीलिंगवरचे जुने डाग आणि ओरखडे यांचे फोटो काढायचे.

२. धुण्याआधी एसी चालवायचा : कूल मोड, १८ अंश, फॅन हाय, १५ मिनिटं. आत जाणाऱ्या हवेचं आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान, व्होल्टेज आणि क्लॅम्प मीटरवर अँपिअर जॉब कार्डावर लिहायचे. आवाज ऐकायचा. काही बिघाड दिसला तर धुण्याआधीच ग्राहकाला दाखवायचा.

३. रिमोटने बंद, मग एमसीबी बंद, मग मीटरने करंट नाही याची खात्री. इन्व्हर्टर एसीचा आउटडोअर उघडायचा असेल तर १० मिनिटं थांबून, करंट साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरवरचं डीसी व्होल्टेज मोजायचं, मगच हात.

४. फिल्टर आणि पुढचं पॅनल काढायचं. स्क्रू मोजून डबीत. पॅनलचे लॉक जोराने ओढायचे नाहीत. जुनं प्लास्टिक तडकतं आणि मग एसी वाजतो.

५. पीसीबी, डिस्प्ले आणि मोटरची बाजू प्लास्टिकने झाकून टेप. फोटो.

६. सर्व्हिस बॅग, म्हणजे पाणी झेलायची पिशवी, युनिटखाली लावून तिची नळी बादलीत.

७. कॉइलवर पाणी एक फुटावरून, फिन्सच्या (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या) उभ्या दिशेत, वरून खाली. तिरपी किंवा जवळून जोराची धार मारली की फिन्स दबतात आणि तिथून हवा जात नाही. अॅसिडवालं केमिकल वापरायचं नाही.

८. ब्लोअर हाताने धरून, थोडा थोडा फिरवत धुवायचा. धारेने गरगर फिरू द्यायचा नाही; बेअरिंग जातं आणि काळं पाणी भिंतीवर उडतं.

९. ड्रेन ट्रे हाताने पुसून घ्यायचा, ड्रेन पाइप फुंकून किंवा व्हॅक्यूमने मोकळा करायचा. मग एक लिटर पाणी ट्रेमध्ये हळूहळू ओतायचं. दुसऱ्या माणसाने पाइपच्या बाहेरच्या टोकाशी उभं राहून पाणी सरळ धारेत येतंय याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्यायचा. ठिबकत येत असेल तर पाइप पुन्हा मोकळा करायचा.

१०. आउटडोअर : इलेक्ट्रिकच्या बाजूला झाकण आणि प्लास्टिक, मग कॉइल धुवायची. टर्मिनलचे स्क्रू आणि स्टँडचे बोल्ट तपासायचे.

११. आतलं युनिट हातातल्या हवेच्या ब्लोअर मशीनने १० मिनिटं सुकवायचं. प्लास्टिक काढायचं, पीसीबी कोरडी आहे हे बोटाने नव्हे, बॅटरी मारून डोळ्याने बघायचं.

१२. जोडणी. डबीत स्क्रू शिल्लक उरता कामा नये.

१३. पुन्हा २० मिनिटं चालवायचा, पायरी २ ची सगळी रीडिंग पुन्हा लिहायची. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक हवा. त्याहून कमी आला तर निघायचं नाही, "कूलिंग कमी"चं पान काढायचं.

१४. फरशी पुसायची, सामान जागेवर ठेवायचं, ग्राहकाला दोन्ही वेळची रीडिंग दाखवून सही घ्यायची.

नववी पायरी सगळ्यांत जास्त गाळली जाते. कॉइलवरचा बुळबुळीत थर धुतल्यावर तो ट्रेमधून पाइपात जातो आणि पहिल्या वळणावर अडकतो. त्या वेळी पाणी थोडं थोडं जात राहतं म्हणून सगळं ठीक वाटतं. दोन-तीन दिवसांनी तिथे बूच बसतं आणि पाणी भिंतीवरून उतरतं. म्हणजे सर्व्हिसमुळेच गळती. म्हणून "ड्रेन तपासला" अशी खूण पुरत नाही, व्हिडिओच हवा. त्यातूनही गळालं तर पाणी गळतीच्या पानावर पुढची तीन कारणं येतात : युनिट भिंतीवर ड्रेनच्या उलट बाजूला कललेलं असणं, पाइपाला मधेच पोट येणं आणि पाइपाचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असणं. तिसऱ्यात हवा कोंडते आणि पाणी मागे फिरतं.

आकडे जागेप्रमाणे ताडून घ्या. मुंबई-ठाण्याला जूनच्या दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते, त्यामुळे तापमानातला फरक कमी दिसतो. तिथे ७-८ अंशही ठीक. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत चढतो तेव्हा आउटडोअरचा दाब आणि अँपिअर दोन्ही वर असतात. अलिबाग, रत्नागिरी, गोव्याच्या किनारी भागात खाऱ्या हवेने फिन्स भुसभुशीत होतात, तिथे आउटडोअरला जेट बंद, साध्या नळीचं पाणी आणि मऊ ब्रश. हे तीन फरक पानाच्या तळाशी चौकटीत लिहावेत.

"गॅस संपला" हे वाक्य

या धंद्याचं नाव सर्वांत जास्त खराब केलं ते या दोन शब्दांनी. एसीतला गॅस बंद नळीत फिरत राहतो, तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे ग्राहकाचे पैसे हवेत सोडणं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच घरी तोंड दाखवायची सोय न ठेवणं. म्हणून गॅसचं पान सगळ्यांत कडक लिहा.

गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं मीटर, लावण्याआधी सात गोष्टी बघायच्या : फिल्टर, कॉइल, ब्लोअर, आउटडोअरचा फॅन, कपॅसिटर, लोडवरचं व्होल्टेज, रिमोटची सेटिंग. कपॅसिटरचं मीटरवरचं रीडिंग त्याच्यावर लिहिलेल्या आकड्यापासून ५ टक्क्यांच्या आत हवं. बऱ्याच कपॅसिटरवर ही मर्यादा छापलेलीच असते. व्होल्टेज कॉम्प्रेसर चालू असताना मोजायचं, बंद असताना नाही. खेड्यात आणि शहराच्या कडेला बंद असताना २२० दाखवतं आणि कॉम्प्रेसरने भार घेतला की १८० वर येतं. तिथे गॅसचा काही संबंध नसतो.

यातून काही निघालं नाही तरच गेज. आधी नेमप्लेट वाचून गॅस कुठला ते कार्डावर लिहायचं. बाहेर ३५ अंशांच्या आसपास असताना फिक्स स्पीड, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या, मशीनचा सक्शन दाब (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) साधारण असा असतो : आर-२२ ला ६० ते ७५ पीएसआय, आर-४१०ए ला ११० ते १३५, आर-३२ ला ११५ ते १४०. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसर हळू चालला की दाब चढतो आणि जोरात चालला की उतरतो, म्हणून कंपनीने सांगितलेल्या टेस्ट मोडवर टाकूनच वाचायचं. नुसत्या दाबावर निकाल द्यायचा नाही. अँपिअर कमी, हवेतला फरक कमी, दोन सुती पाइपाच्या जोडावर बर्फ, कॉइलचा काही भागच थंड, यांतल्या दोन खुणा जुळल्या तरच गॅस कमी असं म्हणायचं.

मग गळती. तेलकट डाग बघायचे, फ्लेअरवर साबण. सापडली नाही तर राहिलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून नायट्रोजनने दाब द्यायचा, नेमप्लेटवरच्या कमाल दाबाच्या आतच, आणि रेग्युलेटर लावूनच. गेज ३० मिनिटं स्थिर राहायला हवं. इथे पानावर मोठ्या अक्षरांत लिहा : ऑक्सिजन कधीही नाही. वेल्डिंगचा सिलिंडर हाताशी असतो म्हणून काही जण ऑक्सिजन सोडतात. कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो, माणसं मेली आहेत.

गळती बंद झाल्यावर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळीतली हवा आणि ओल काढणं. मायक्रॉन गेजवर ५०० च्या खाली न्यायचं, व्हॉल्व्ह बंद करून १० मिनिटं थांबायचं. आकडा १००० च्या आत थांबला तर पुढे जायचं. चढून एका ठिकाणी थांबला तर आत ओल आहे, पंप आणखी चालवायचा. चढतच राहिला तर गळती अजून आहे. गेजच्या सुईवर "उणे तीस आलं" म्हणजे व्हॅक्यूम झाला असं धरू नये, त्या सुईला ओल दिसत नाही.

गॅस काट्यावर मोजून भरायचा, नेमप्लेटवरच्या ग्रॅमप्रमाणे, पाइप लांब असेल तर पुस्तिकेत दिलेली वाढ धरून. आर-४१०ए हे दोन वायूंचं मिश्रण आहे, ते द्रवरूपातच भरायचं आणि गळती झालेल्या मशीनमध्ये वरून थोडं थोडं टाकायचं नाही. पूर्ण काढून नव्याने भरायचं. आर-३२ एकटाच वायू आहे, पण तो पेटू शकतो : खिडक्या उघड्या, जवळ दिवा-अगरबत्ती-सिगरेट नाही, आत गॅस असताना ब्रेझिंग (आगीने जोड देणं) नाही. काही गोदरेज स्प्लिटमध्ये आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन. नेमप्लेटवर तो दिसला आणि टीममध्ये त्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस नसेल, तर पायरी एकच : नळीला हात न लावता ऑफिसला फोन.

बिल होण्याआधी पाच पुरावे कार्डाला जोडायचे : आधीचा दाब, गळतीचा बुडबुडा, मायक्रॉन गेज, काट्यावरचे ग्रॅम, नंतरचा दाब. पाचही नसतील तर गॅसचं बिल निघणार नाही, मालकाच्या भावाचं काम असलं तरी. शिवाय प्रत्येक सिलिंडरचं वजन सकाळी निघताना आणि संध्याकाळी परतल्यावर लिहायचं. दिवसाच्या कार्डांवरच्या ग्रॅमची बेरीज आणि सिलिंडरच्या वजनातली घट जुळली पाहिजे. घट जास्त असेल तर गॅस कुठेतरी जातोय. बेरीज जास्त असेल तर ग्राहकाला न भरलेल्या गॅसचं बिल लागलंय. दुसरं पहिल्याइतकंच गंभीर धरा.

थांबायचा अधिकार

सुरक्षेच्या पानावर "काळजी घ्या" असं एकही वाक्य नको. कधी थांबायचं तेवढंच लिहा. छज्ज्यावर किंवा खिडकीबाहेर काम असेल आणि फुल बॉडी हार्नेस (खांदे-मांड्यांना धरणारा पट्टा) किंवा भक्कम अँकर (दोरी बांधायची पक्की जागा) नसेल तर काम नाही. आयएस ३५२१ च्या खुणेचा हार्नेस घ्या. कमरेचा पट्टा चालत नाही, पडताना तो कंबर मोडतो. दोरी खिडकीच्या ग्रिलला, ड्रेनेजच्या पाइपाला किंवा एसीच्याच स्टँडला बांधायची नाही. बाहेर एक माणूस असेल तेव्हा आतला दोरीपाशीच उभा राहील, पाणी आणायलाही जाणार नाही. पाऊस चालू असताना आउटडोअरचं झाकण उघडायचं नाही. शिडी भिंतीला टेकवताना चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर.

अर्थिंग प्रत्येक घरी मोजा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ ही रीडिंग जवळजवळ सारखी यायला हवीत. फेज-अर्थ फारच कमी आलं तर अर्थिंग नाही. ते कार्डावर लिहून ग्राहकाची सही घ्यायची आणि इलेक्ट्रिशियनने दुरुस्त करेपर्यंत एसी चालू करून द्यायचा नाही.

या पानावरून टीमने काम थांबवलं तर ऑफिसातल्या कुणीही, मालकानेही, "जरा बघून करून टाक" म्हणायचं नाही, आणि त्या फेऱ्याचे मेकॅनिकचे पैसे कापायचे नाहीत. हे पानावर लिहून खाली मालकाची सही हवी. सही नसेल तर मुलं ते पान वाचतात आणि तरी बाहेर उतरतात.

बॅग, पार्ट, पैसे

बॅगेची यादी झाकणाच्या आत चिकटवा, प्रत्येक वस्तूपुढे किमान संख्या टाकून. ३५, ४५, ५० मायक्रोफॅरडचे कॉम्प्रेसर कपॅसिटर प्रत्येकी एक, फॅनचे २ आणि २.५ चे दोन-दोन, तिन्ही मापांचे फ्लेअर नट चार-चार, तीन मीटर ड्रेन पाइप, इन्सुलेशन, टेप, मीटरचे सेल. रात्री भरायची, सकाळी नाही. सकाळी दुकान उघडायची वाट बघण्यात पहिला स्लॉट जातो.

खर्च व्हिजिट चार्जच्या वर जाणार असेल तर आधी व्हॉट्सअॅपवर पार्टचं नाव, किंमत आणि मजुरी लिहून पाठवायची, ग्राहकाचं "हो" आल्यावरच पार्ट लावायचा. जुना पार्ट ग्राहकाला दाखवून त्याच्याकडेच ठेवायचा. यूपीआय फक्त धंद्याच्या क्यूआरवर, मेकॅनिकच्या नंबरवर कधीच नाही. वॉरंटी कशावर आणि किती दिवस ते बिलावर छापलेलं असावं.

मजुरीची रीत आधी बघा

पान कितीही चांगलं असो, मुलांना कॉलमागे पैसे मिळत असतील आणि दिवसाला नऊ कॉल लावले असतील तर २० मिनिटांची शेवटची रन कुणीही करणार नाही. ९० मिनिटांचं काम, मधला प्रवास आणि जेवण धरलं तर एका टीमकडून दिवसाला चार, फार तर पाच वेट सर्व्हिस होतात. एप्रिल-मेमध्ये जास्त लावायचा मोह होतो; तिथे टीम वाढवा किंवा ग्राहकाला दोन दिवस पुढची तारीख द्या. ३० दिवसांत पुन्हा कॉल आला नाही तर कॉलमागे ठरावीक रक्कम महिन्याअखेर वेगळी द्यावी. दंडापेक्षा हे चालतं, कारण दंड लावला की मुलं पुन्हा आलेला कॉल परस्पर मिटवतात आणि तो वहीत येतच नाही.

नव्या मुलाच्या हातात देऊन बघा

पान तयार झालं की जुन्या मेकॅनिकला वाचायला देऊ नका, तो मान हलवेल. सर्वांत नव्या हेल्परला द्या, अनुभवी माणूस शेजारी उभा करा आणि त्याला फक्त पान बघून काम करू द्या. अनुभवी माणसाने बोलायचं नाही, फक्त धोका दिसला तर थांबवायचं. मुलगा जिथे थबकतो किंवा "आता काय?" विचारतो तिथे पानात भोक आहे. ती जागा खुणा करून त्याच संध्याकाळी भरा. तीन घरं अशी झाली, तिसऱ्यात तो एकदाही थबकला नाही, की लॅमिनेट करा. आधी लॅमिनेट केलं तर चुका तशाच राहतात, कारण प्लास्टिकवर पेन चालत नाही.

मग दर सोमवारी २० मिनिटं. मागच्या आठवड्यातले पुन्हा आलेले कॉल काढायचे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न : पान चुकलं, पान पाळलं नाही, की पानच नव्हतं? चुकलं असेल तर बदला. पाळलं नसेल तर का, ते त्या मुलाकडून शांतपणे ऐका; बऱ्याचदा हत्यार नव्हतं किंवा वेळ नव्हता असं निघतं. नव्हतंच, आणि तशीच तक्रार तिसऱ्यांदा आली, तर नवं पान लिहायला घ्या. मालकाने स्वतः आठवड्यातून दहा जॉब कार्डांचे फोटो उघडून बघावेत आणि दोन ग्राहकांना फोन करावा. ड्रेनचा व्हिडिओ कुणी बघत नाही हे मुलांना तीन आठवड्यांत कळतं.

मोठे बदल पावसाळ्यात करा, जुलै-ऑगस्टमध्ये हात मोकळे असतात. फेब्रुवारीत फक्त आकडे आणि दर तपासा. हंगामाच्या तोंडावर पद्धत बदलली की निम्मी टीम जुन्या आणि निम्मी नव्या रीतीने चालते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि क्रमांक टाका. नवं पान देताना बॅगेतलं जुनं परत घ्या, सगळ्या टीमची पानं मोजा, आणि शेवटचं हातात आल्यावरच जुना गठ्ठा फाडा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडलेली जुनी पीडीएफही त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर एप्रिलमध्ये कुणीतरी नेमकी तीच उघडतो.